कंपनी लीजची नवी गाडी ताब्यात घेताना काय काय बघावं?

रानजाई | २४ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आमच्या कंपनीत पगाराच्या रचनेत कार लीजचा पर्याय आहे. तीन वर्षं नुसता विचार केला, यंदा घेतली. पेट्रोल, ऑटोमॅटिक, चार मीटरच्या आतली. ऑगस्टमध्ये कोटेशन आलं होतं, पण २२ सप्टेंबरपासून जीएसटी उतरणार हे जाहीर झाल्यावर सगळं थांबवलं आणि नव्या दराने पुन्हा मागवलं. काल लीज कंपनीने शोरूमला पर्चेस ऑर्डर पाठवली. शोरूमचा मुलगा म्हणतोय, दसऱ्याला म्हणजे २ ऑक्टोबरला सकाळी नऊला गाडी देतो.

माझी ही पहिलीच नवी गाडी. आतापर्यंत बाबांची, तीही सेकंडहँड घेतलेली. इथे मालक लीज कंपनी, हप्ता कापणार माझं ऑफिस आणि चालवणार मी. त्यामुळे त्या दिवशी नक्की काय होतं, लीज कंपनीचं कोणी येतं का, सही कशाकशावर करायची, कागद कुठले हातात मिळतात, काहीच अंदाज नाही. ज्यांनी घेतली आहे त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

आईचा प्रश्न वेगळाच आहे. "आरसीवर आपलं नाव नाही, मग पेढे कसले वाटायचे?" त्याचंही उत्तर असेल तर द्या.

चहाबिस्कीट | २४ सप्टेंबर, रात्री १०:२०

पेढे वाटायचेच. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

अभिनंदन!

घाटमाथा | २४ सप्टेंबर, रात्री ११:०५

अभिनंदन रानजाई. दोन लीज गाड्या झाल्या, तिसरी सुरू आहे, म्हणून हक्काने लिहितो.

डिलिव्हरीच्या दिवशी गाडी तपासायची नसते, घरी न्यायची असते. तपासायची त्याच्या आधी, बिल फाडून नोंदणीला जायच्या आत, यार्डात जाऊन. एकदा नंबर पडला की ती गाडी तुमच्याच गळ्यात. मग फार तर दुरुस्ती करून देतील, बदलून नाही.

माझं काय झालं ते सांगतो. २०१७, पहिली लीज, असाच सणाचा दिवस. शोरूममध्ये लाल कापड, हार, फोटो. संध्याकाळचे साडेसात, वर पांढरे झगझगीत दिवे. मुलाने फाईल उघडून सात-आठ ठिकाणी सह्या घेतल्या, त्यात एक कागद डिलिव्हरी अ‍ॅक्सेप्टन्सचा होता. 'गाडी सुस्थितीत मिळाली, कोणतीही तक्रार नाही.' मी वाचलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात गाडी पुसताना बायको म्हणाली, हा मागचा डावा दरवाजा जरा वेगळा दिसतोय का? तिरकं बघितलं तर खरंच, रंगात बारीक दाणे आणि दाराच्या रबराखाली रंगाची कड. म्हणजे दरवाजा परत रंगवलेला. शोरूमने हात वर केले, लीज कंपनीने माझ्याच सहीचा कागद मला दाखवला. चार वर्षांनी गाडी परत करताना त्यांच्या तपासनिसाने त्याच दारावर 'रिपेंटेड पॅनल' लिहिलं आणि पैसे माझ्याकडून कापले.

लीजमध्ये तो कागद म्हणजे सगळं काही. त्यावर सही झाली की भाडं चालू होतं आणि गाडीच्या अंगावरच्या प्रत्येक ओरखड्याची जबाबदारी तुमच्याकडे येते. सही शेवटी करा, दिवसाउजेडी करा, आणि काही दिसलं तर त्याच कागदावर पेनाने लिहून मग करा.

दुर्गभ्रमंती | २५ सप्टेंबर, सकाळी ८:४०

घाटमाथा यांना अनुमोदन, पण यार्डात जाऊ कोण देतं? मला सरळ सांगितलं होतं, "मॅडम, लीजच्या केसमध्ये कस्टमर लीज कंपनी आहे, पीडीआय (डिलिव्हरीआधीची तपासणी) आमचे लोक करतात." तीनदा विचारलं, तीनदा नाही. शेवटी शोरूमच्या मागच्या गल्लीत दहा मिनिटं बघायला दिली.

जुना_शोरूमवाला | २५ सप्टेंबर, सकाळी ११:३०

अकरा वर्षं शोरूममध्ये काढली, त्यातली शेवटची चार कॉर्पोरेट डेस्कवर. दुर्गभ्रमंती म्हणतात ते खरं आहे, पण 'नाही' हे तोंडी उत्तर असतं. लेखी विचारलं की बदलतं. लीज कंपनीचा जो माणूस तुमची फाईल बघतो त्याला मेल करा, शोरूमला सीसी ठेवा: बिलिंगच्या आधी चासी नंबर कळवा आणि गाडी प्रत्यक्ष दाखवा. शोरूमला पैसे लीज कंपनीकडून यायचे असतात, त्यामुळे सीसीमधल्या त्या एका नावाने काम होतं.

आता आतलं कसं चालतं ते. पर्चेस ऑर्डर आली की शोरूम यार्डातली एक गाडी तुमच्या नावाने धरतं आणि चासी नंबर टाकून प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवतं. लीज कंपनी पैसे सोडते, मग त्यांच्या नावाने टॅक्स इन्व्हॉइस, विमा, रोड टॅक्स, सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंदणी, नंबर, मग एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी. तुमची संधी चासी नंबर कळल्यापासून इन्व्हॉइस होईपर्यंत. दोन-तीन दिवसांची खिडकी असते ती.

रानजाईताई, तुमच्या बाबतीत तारखा नीट जुळवा. २ ऑक्टोबरला दसरा आहे आणि गांधी जयंतीही, सरकारी सुट्टी. शिवाय रविवारी पितृपक्ष संपला आणि सोमवारी जीएसटी उतरला, घट बसले, सगळं एकदमच. महिनाभर थांबलेले सगळे ग्राहक आता एकदम आलेत. नंबर पडल्यावर पाटी बनून यायला वेळ लागतो, आणि पाटी लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे नोंदणी २८-२९ पर्यंत मार्गी लागायला हवी. गाडी उद्या-परवाच बघून घ्या.

यार्डात काय बघायचं:

टायर. चारही टायरच्या बाजूला 'डीओटी'नंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारांत दोन-चार आठवड्यांचा फरक चालतो, एकच टायर वर्षभर जुना असेल तर विचारा. स्टेपनीही बघा, आणि स्टेपनीऐवजी पंक्चर किट दिलं असेल तर ते डिकीत आहे ना ते बघा.

बॉनेट उघडा. यार्डात उंदीर असतात. पावसाळाभर उभी असलेल्या गाडीत बॉनेटच्या आतलं काळं नमदं कुरतडलेलं, वायपरखालच्या जाळीत पालापाचोळा साचलेला मी कितीतरी वेळा बघितलाय. वायरिंगच्या कव्हरवर दातांच्या खुणा दिसल्या तर ती गाडी घेऊच नका.

काच. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा छाप असतो. एकीवर वेगळा दिसला तर ती बदललेली असू शकते, का ते विचारा.

सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर प्रोफॉर्मावर, गाडीच्या पत्र्यावर आणि नंतर आरसीवर एकच आहे ना ते स्वतः ताडून बघा. एका अंकाची चूक आरसीवर गेली की दुरुस्तीला हेलपाटे.

चहाबिस्कीट | २५ सप्टेंबर, सकाळी ११:४४

उंदराचं वाहन आपल्याला माहीत होतं, वाहनातला उंदीर आज कळला. :)

(शोरूमवाले, प्रतिसाद फार उपयोगी. सेव्ह केला.)

ओसरी | २५ सप्टेंबर, दुपारी १:१५

सगळं वाचलं. मुळात लीज घ्यावीच का? आमच्या पिढीत एक सूत्र होतं, ऐपत असेल तर घ्या, नसेल तर थांबा. दुसऱ्याच्या नावाची गाडी दाराशी उभी करायची आणि वर त्याच्याच ओरखड्यांचे पैसे आपण भरायचे, हे मला पटत नाही.

हिशेबनीस | २५ सप्टेंबर, दुपारी २:५०

ओसरीकाका, तुमचं म्हणणं आदराने बाजूला ठेवतो, कारण गणित माणसागणिक बदलतं. भाडं करपात्र पगारातून आधीच वजा होतं, आणि गाडी ऑफिस व घर दोन्हीकडे वापरली तर करासाठी तिची किंमत २०२५-२६ च्या नियमाने १६०० सीसीपर्यंत महिना १८०० रुपये धरतात, त्यावर २४००, ड्रायव्हर असेल तर आणखी ९००. वरच्या स्लॅबमधल्या माणसाला फरक पडतो. पण नोकरी मध्येच सोडली तर उरलेलं भाडं किंवा फोरक्लोजरची (करार मुदतीआधी बंद करण्याची) रक्कम अंगावर येते, ते कलम वाचल्याशिवाय कोणी सही करू नये. एवढंच, नाहीतर धागा भरकटेल.

रानजाई, कागदांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१. आरसीवर नाव कोणाचं ते आधी विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे गाडी वापरणाऱ्याच्या नावाने नोंदवून आरसीवर लीजचा शेरा मारता येतो. काही लीज कंपन्या तसं करतात, काही स्वतःच्या नावावर घेतात. महाराष्ट्रात कंपनीच्या नावाने नोंदणी केली की रोड टॅक्स वैयक्तिक दराच्या ११-१२ टक्क्यांऐवजी २० टक्के. हा फरक तुमच्या भाड्यात येतो, तेव्हा कोटेशनमधली रोड टॅक्सची ओळ बघाच.

२. विमा. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा आणि स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा. कंपनी मालक असेल तर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा त्या पॉलिसीत मिळत नाही. तो वेगळा घ्या, याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. जुन्या गाडीचा नो क्लेम बोनसही तुमच्या नावाचा, तो इथे लागणार नाही.

३. ई-चलान नोंदणीतल्या मोबाइलवर जातं. तो लीज कंपनीचा असेल तर तुम्हाला महिन्याने कळतं आणि वर त्यांचा प्रशासकीय आकार लागतो. नोंदणीच्या वेळी तुमचा नंबर टाकता येईल का ते विचारा. फास्टॅगचंही तेच.

४. मूळ इन्व्हॉइस त्यांच्याकडे राहतं. तुम्हाला इन्व्हॉइसची प्रत, विमा, आरसीची प्रत आणि गाडी वापरायचं अधिकारपत्र मिळायला हवं. आरसी कंपनीच्या नावावर असेल तर ती तुमच्या डिजिलॉकरमध्ये येत नाही, तिथे आधारशी नाव जुळावं लागतं. एमपरिवहन अ‍ॅपमध्ये घालून ठेवा, गोव्याला जाताना लागेल.

रानजाई | २५ सप्टेंबर, रात्री ९:३०

हिशेबनीस, कोटेशन उघडून बघितलं. आरसी माझ्या नावाने आणि लीजचा शेरा आहे! मला स्वतःलाच माहीत नव्हतं. आईला सांगितलं, ती म्हणाली, "मग आधी का नाही बोललीस?"

अपघात विम्याची चौकशी केली, पॉलिसीत आहे. शोरूमवाल्यांनी सांगितलं तसा मेलही टाकला.

थेम्सकाठ | २६ सप्टेंबर, पहाटे ३:१०

इकडे इंग्लंडात, रेडिंगमध्ये लीज गाडी दारात येते, म्हणून आमचा अनुभव थोडा वेगळा. नवऱ्याच्या ऑफिसमधून सॅलरी सॅक्रिफाइसवर, म्हणजे पगारातून भाडं कापून, इलेक्ट्रिक घेतली, याच महिन्यात आली, '७५'ची (सप्टेंबर २०२५ पासूनची) पाटी. दोन प्रकारे आणतात. एक तर ट्रान्सपोर्टरवर, नाहीतर ड्रायव्हर लाल अक्षरांची पांढरी ट्रेड प्लेट (गाड्यांच्या धंद्यातल्यांना मिळणारी तात्पुरती पाटी) लावून चालवत आणतो. चालवत आणली तर मीटरवर शंभर-दीडशे मैल दिसू शकतात आणि ते करारात मान्य केलेलं असतं. मी मात्र आधी विचारून ट्रान्सपोर्टर मागितला.

हार नाही, फोटो नाही. ड्रायव्हर उतरला, किल्ल्या दिल्या, फोन पुढे केला, इथे सही करा. बाहेर पाऊस. ओल्या रंगावर ओरखडा दिसतच नाही! मी त्याला चहा दिला, दोन टॉवेल आणले आणि दोघींनी, म्हणजे मी आणि लेकीने, दारं नि बंपर पुसून काढले. पुढच्या चाकाच्या रिमवर घासल्याची खूण निघाली. ती त्याच्या अ‍ॅपवर फोटोसह टाकली आणि मगच सही केली. तोही बिचारा शांतपणे थांबला.

इथे गाड्या भाड्याने नि लीजवर देणाऱ्यांच्या बीव्हीआरएलए या संघटनेची 'फेअर वेअर अँड टेअर'ची पुस्तिका आहे, गाडी परत करताना कुठला ओरखडा चालतो नि कुठला नाही ते त्यात मापासकट दिलंय. घाटमाथा यांचं वाचून वाटलं, तिकडच्या करारातही असं परिशिष्ट असणार. रानजाई, ते पान मागून घे.

आणि हो, मी नारळ फोडलाच. शेजारचे काका बाहेर येऊन विचारत होते काय झालं.

घाटमाथा | २६ सप्टेंबर, सकाळी ७:५५

थेम्सकाठ, ओल्या रंगाचा मुद्दा लाखमोलाचा. इथे शोरूमवाले गाडी धुऊन ओलीच पुढे आणतात.

परतीच्या अटींचं परिशिष्ट आमच्याकडेही असतं, करारात मागे. माझ्या पहिल्या करारात दोन पानं होती, मी ती चार वर्षांनी वाचली.

मिरगाचा_पाऊस | २६ सप्टेंबर, सकाळी १०:२०

ईव्ही लीजवर घेणाऱ्यांसाठी भर: भिंतीवरचा चार्जर गाडीबरोबर बसवून मिळत नाही, मागून कंपनीचा माणूस बसवायला येतो. सोसायटीची एनओसी आणि मीटरपासून पार्किंगपर्यंतच्या केबलचं अंतर आधी बघून ठेवा, ठरलेल्या लांबीपुढच्या केबलचे पैसे वेगळे पडतात. आमची गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये आणि चार्जर खोक्यात. डिलिव्हरीला चार्ज किती टक्के आहे ते विचारा, मला ११ टक्क्यांवर दिली होती.

चहाबिस्कीट | २६ सप्टेंबर, सकाळी १०:३१

हिरव्या पाटीच्या गाडीला शेजारच्या आजींनी "सरकारी दिसतेय" म्हणून नमस्कार केलेला मी पाहिलाय.

रानजाई | २६ सप्टेंबर, रात्री १०:५०

मेलची जादू झाली! सकाळी शोरूममधून फोन, "मॅडम, आज चार वाजता वाघोलीच्या यार्डात या."

ऑफिसमधून अर्धा दिवस घेतला, बाबांना बरोबर नेलं. यार्ड म्हणजे पत्र्याचं कुंपण आणि आत नुसता चिखल. शंभरएक गाड्या दाटीवाटीने उभ्या, बॉनेटवर पांढरी फिल्म, स्टिअरिंगवर प्लॅस्टिक. आमची तिसऱ्या रांगेत. चासी नंबर बाबांनी मोठ्याने वाचला, मी कागदावर एकेक अंकाला टिक केली. बरोबर. मीटर ३८ किलोमीटर.

बॉनेट स्वच्छ, दातांच्या खुणा नाहीत. काचा चारही एकाच छापाच्या. मग टायर. पुढचे दोन २८२५, मागचा उजवा २७२५. मागचा डावा चिखलात होता, रुमालाने पुसला, मोबाइलचा टॉर्च मारला. ४१२४! बाबा खाली बसून परत वाचायला लागले. बरोबरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, टायर तर नवीनच आहे, बघा ना केस पण आहेत." केस होतेच रबरावर, नव्या टायरला असतात तसे. पण बाकी तिन्हींपेक्षा नऊ महिने जुना. आणि त्याच चाकाच्या नटांवर पान्याच्या ताज्या खुणा.

शोरूमवाले, हे काय असेल?

जुना_शोरूमवाला | २६ सप्टेंबर, रात्री ११:२५

यार्डात एखाद्या गाडीला खिळा लागला की घाईत दुसऱ्या गाडीचं चाक चढवतात. बहुतेक तेच. टायर वाईट आहे असं नाही, पण तुमचा नाही. फोटो काढून आजच मेल करा, लीज कंपनीला सीसी. 'टायर बदलल्यावर बिलिंगला हरकत नाही' एवढं एक वाक्य लिहा. ते उद्याच बदलतील, कारण दसऱ्याचा आकडा त्यांनाही गाठायचाय.

बाबांना माझा नमस्कार सांगा. चिखलात बसून टायर वाचणारे ग्राहक अकरा वर्षांत बोटावर मोजण्याइतके बघितले.

ओसरी | २७ सप्टेंबर, सकाळी ६:४०

मीही नमस्कार सांगतो. लीजबद्दल माझं मत तेच आहे, पण गाडी अशीच घ्यावी.

दुर्गभ्रमंती | २७ सप्टेंबर, सकाळी ९:१५

हे वाचून खाली जाऊन माझे टायर बघून आले. चारही सारखे निघाले, हुश्श. दोन वर्षं उशिरा का होईना.

पूजेबद्दल एक विनंती. शोरूममध्ये बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढू देऊ नका. माझ्या पांढऱ्या गाडीवर गुलाबी छटा राहिलीय, परत करताना ती माझ्याच खात्यात जाणार. घरी पूजा करा, कोरडं हळदकुंकू, नारळ बाजूच्या दगडावर.

हिशेबनीस | २७ सप्टेंबर, सकाळी ९:५०

+१. आणि अ‍ॅक्सेसरीज. सीट कव्हर, डॅशकॅम, सिरॅमिक कोटिंग ही यादी डिलिव्हरीच्या दिवशीच पुढे येते. लीजच्या इन्व्हॉइसमध्ये घातलं तर त्यावरही भाडं आणि जीएसटी. बाहेरून बसवलं आणि वायर कापली तर वॉरंटीचा प्रश्न. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर साधं कव्हर घालूच नका.

रानजाई | २९ सप्टेंबर, रात्री ८:१०

टायर बदलला! नवा २७२५. फोटो आला, पण बाबा म्हणाले फोटोवर विश्वास नाही, डिलिव्हरीला परत वाचू. बिलिंग शनिवारी झालं, आज नंबर पडला.

रानजाई | ३ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

गाडी घरी आली.

नऊची वेळ होती, मिळाली दुपारी दीडला. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, ओळीने गाड्या, प्रत्येकीपुढे एक कुटुंब, सगळ्यांच्या हातात झेंडूची तोरणं. आमची पुढे आली ती धुऊन, ओलीच. मी पर्समधून दोन पंचे काढले. शोरूमचा मुलगा बघतच राहिला, मग त्यानेच एक पंचा घेतला आणि उजवी बाजू पुसायला लागला. ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कडेला नखाएवढा रंग उडालेला दिसला. यार्डात नव्हता, माझ्याकडे तेव्हाचे फोटो होते. अ‍ॅक्सेप्टन्सच्या कागदावर मी पेनाने लिहिलं, 'उजवा पुढचा दरवाजा, खालची कड, रंग उडालेला', खाली त्याची सही, तारीख. मग माझी. तो म्हणाला, पहिल्या सर्व्हिसला टचअप करून देतो. मी म्हटलं हे पण लिही. लिहिलं त्याने.

लीज कंपनीचं कोणी आलं नाही, फक्त फोन आला, गाडी मिळाली का म्हणून. कागदाचा फोटो त्यांना तिथूनच पाठवला.

बाबांनी सूट घालून खाली बसत चारही टायर वाचले, स्टेपनीसकट. जॅक, पाना, त्रिकोण, प्रथमोपचार पेटी, सगळं होतं. दुसरी किल्ली नव्हती. ती म्हणे दुसऱ्या गाडीच्या पाकिटात गेली. तेही कागदावर लिहून घेतलं, आज सकाळी मुलगा घरी आणून देऊन गेला.

पूजा घरी, पार्किंगमध्ये. कोरडं हळदकुंकू, चाकांखाली चार लिंबं, नारळ नळाजवळच्या दगडावर. आईने आरसीची प्रत वाचायला मागितली, माझं नाव बघितलं, खालचा लीजचा शेरा बघितला, म्हणाली, "नाव तर आहे ना," आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन दुसऱ्या मजल्यापासून वाटायला निघाली.

चहाबिस्कीट, तुमचा पत्ता अजून आलेला नाही.

चहाबिस्कीट | ३ ऑक्टोबर, दुपारी १२:२३

पाठवला!